सावलीचं नाव ठाऊक असताना

नायकाचं पुढे काय होणार, हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकायचं धाडस फारसे लेखक करत नाहीत. अर्सुला ल ग्विन यांनी ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीत ते केलं. गॉन्ट नावाच्या डोंगराळ बेटावरचा एक मुलगा मोठेपणी ड्रॅगनांशी बरोबरीने बोलणारा आणि साऱ्या जादूगारांचा प्रमुख झाला, त्याच्यावर गाणी रचली गेली, पण ही हकिगत त्या कीर्तीच्या आधीची आहे, असं त्या सुरुवातीलाच सांगतात. नायक वाचेल का, जिंकेल का, ही काळजी तिथेच मिटते. आणखी एक गंमत आहे. या जगात माणसाने आपलं खरं नाव जिवापाड जपायचं असतं. तरीही नायकाचं खरं नाव, गेड, त्याच पहिल्या परिच्छेदात त्याच्यावरच्या वीरगाथेच्या नावातून फुटून जातं. पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही, कारण ते गुपित आहे हेच त्याला अजून कळायचं असतं. दुसऱ्यांदा वाचणारा मात्र तिथेच थबकतो.

लहानपणी जीव की प्राण असलेली फॅन्टसी मोठेपणी परत वाचायची म्हटलं की बरेच जण बिचकतात. तेव्हाची जादू ओसरली असेल तर? पुस्तक पोरकट निघालं तर? ही भीती अगदीच अनाठायी नाही. कुमारवयात रात्री जागून संपवलेल्या कित्येक मालिका पस्तिशीत पन्नास पानांपुढे जात नाहीत. १९६८ साली आलेली ही कादंबरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा वाचली जाते. तिची भाषा, तिची बांधणी ही कारणं आहेतच. पण मुख्य कारण वेगळं आहे. या पुस्तकाची सगळ्यांत कठोर पुनर्वाचक खुद्द त्याची लेखिका होती, आणि परत वाचताना जे खटकलं त्याचं उत्तर तिने पुढची तीस-पस्तीस वर्षं नवी पुस्तकं लिहून दिलं.

१९६७ साली ल ग्विन अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात राहत होत्या. तीन मुलं पदरात, नवरा विद्यापीठात इतिहासाचा प्राध्यापक, आणि त्या स्वतः विज्ञानकथा लिहिणाऱ्या. बर्कलीच्या पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेचे हर्मन शाइन यांनी त्यांच्याकडे कुमारवयाच्या मुलांसाठी पुस्तक मागितलं. तोवर त्यांनी मुलांसाठी काही लिहिलेलं नव्हतं. विचार करताना त्यांच्या डोक्यात आलं की गोष्टींमधले जादूगार नेहमी म्हातारे असतात. मर्लिन घ्या, गँडाल्फ घ्या, पांढरी दाढी ठरलेलीच. पण दाढी पांढरी व्हायच्या आधी ही मंडळी काय करत होती? विद्या शिकली कुठे? शिकताना चुकली असतील की नाही? या प्रश्नांतून रोक बेटावरची जादूगारांची शाळा उभी राहिली. हॅरी पॉटरची शाळा वाचकांसमोर आली १९९७ मध्ये, म्हणजे एकोणतीस वर्षांनी. अर्थसीच्या द्वीपसमूहाचा नकाशा ल ग्विन यांनी आधी स्वतः काढला, बेटांना नावं दिली, आणि मग गोष्ट त्या नकाशातून हिंडू लागली.

गोष्ट थोडक्यात सांगायची तर अशी. गॉन्टवरच्या एका खेड्यातला दुनी हा कासाराचा आईविना वाढलेला पोर शेळ्या राखतो. ‘स्पॅरोहॉक’ हे त्याचं टोपणनाव, म्हणजे आपल्याकडच्या शिक्र्याच्या जातीचा शिकारी पक्षी. ओगियन नावाचा मितभाषी जादूगार त्याला गेड हे खरं नाव देतो आणि शिष्य करून घेतो. पोराला धीर नाही. तो रोकच्या शाळेत जातो, तिथे जॅस्पर नावाच्या श्रीमंत घरच्या मुलाशी त्याची चढाओढ लागते, आणि एका रात्री आपली ताकद दाखवण्याच्या भरात तो मेलेल्या राणीला बोलावतो. राणीची छाया क्षणभर दिसते. पण त्या फटीतून दुसरंच काहीतरी बाहेर पडतं, त्याच्या तोंडावर झेपावतं, चेहरा फाडतं. ती फट बुजवताना शाळेचे वयोवृद्ध प्रमुख नेमर्ल प्राणाला मुकतात. पुढची सगळी कादंबरी म्हणजे ती सावली गेडच्या मागे आणि नंतर गेड तिच्या मागे. शेवटी जगाच्या पूर्व टोकापलीकडे, समुद्राची वाळू झालेली असताना, दोघं समोरासमोर येतात आणि एकाच वेळी एकमेकांचं नाव उच्चारतात. नाव एकच असतं. सावलीचं नावही गेडच.

रहस्य फोडलं म्हणून कुणी रागावू नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधी सांगून आणि काहींना न सांगता. शेवट माहीत असलेल्यांनी कथांना सरासरी जास्त पसंती दिली. नंतरच्या काही प्रयोगांत याच्या उलटही निघालं, त्यामुळे तो शास्त्राचा नियम म्हणून मिरवू नये. पण ‘अर्थसी’पुरतं बोलायचं तर शेवट ठाऊक असलेला वाचक फायद्यात राहतो, हे पुस्तक हातात घेऊन कुणीही पडताळून पाहावं.

सुरुवात शेळ्यांपासूनच करता येईल. दुनी साताठ वर्षांचा असताना त्याची मावशी, गावची चेटकीण, झोपडीच्या छपरावर चढून बसलेल्या एका शेळीला दोन ओळींचा मंत्र म्हणून खाली उतरवते. पोर ते ऐकतं. दुसऱ्या दिवशी रानात तेच शब्द मोठ्याने ओरडतं. सगळ्या शेळ्या धावत येतात, एकदम गप्प, पिवळे डोळे त्याच्यावर रोखून. त्याला हसू येतं, तो परत ओरडतो. शेळ्या आणखी जवळ सरकतात, त्याला चहूबाजूंनी दाबतात. शिंगं, केसाळ अंगं, ती विचित्र शांतता. आता पोर घाबरतं आणि पळत सुटतं, तर घट्ट गोळा होऊन अख्खा कळप त्याच्यासोबत गावात येतो. सोडवायचा मंत्र त्याला कुठे माहीत असतो!

बाराव्या-तेराव्या वर्षी हा प्रसंग विनोदी वाटतो आणि वाचक पुढे जातो, कारण त्याला ड्रॅगन गाठायचा असतो. पुन्हा वाचताना कळतं की अख्खी कादंबरी इथे दीड पानात सांगून झालेली आहे. सोडवता न येणारी गोष्ट बोलावण्याची खोड, सुरुवातीचं हसू, मग अंगाला चिकटून येणारं ते ओझं. सावली नंतर येते. तिची तालीम शेळ्यांनी करून घेतलेली असते.

अशा खुणा पुस्तकभर आहेत, पण एक सगळ्यांत धीट. ऑस्किल नावाच्या उत्तरेच्या बेटावर गेड एका स्किओर नावाच्या माणसासोबत माळरानावरून चालत असतो. अंधार पडतो. गेडला शंका येते, तेवढ्यात तो माणूस वळतो आणि त्याला ‘गेड’ अशी हाक मारतो. खरं नाव उच्चारलं गेल्यामुळे गेडची विद्या बांधली जाते, रूप बदलून निसटायची वाट बंद होते. स्किओरच्या शरीरात सावली शिरलेली असते. पहिल्या वाचनात माणूस या पानांवरून धापा टाकत जातो. हिला त्याचं नाव कळलं कुठून, हा प्रश्न विचारायला उसंत नसते. दुसऱ्या वाचनात तो प्रश्न आणि त्याचं उत्तर एकदमच सुचतं. तिला ते शिकावं लागलेलंच नाही. ते तिचंच नाव आहे. पुस्तक संपायला जवळपास शंभर पानं बाकी असताना लेखिकेने उत्तर असं वाचकाच्या नाकासमोर ठेवलेलं असतं.

त्याच्या थोडं पुढे गेड ससाण्याचं रूप घेऊन कसाबसा ओगियनकडे परततो. प्रत्येक गोष्टीला नाव असतंच, असं ओगियन इतक्या ठामपणे म्हणतो की गेडची बोलायची छाती होत नाही. कारण शाळेचे नवे प्रमुख गेन्शर यांनी त्याला बजावलेलं असतं की असल्या काळ्या शक्तींना नाव नसतं. दोन थोर गुरू, दोन उलट मतं. कुमार वाचक बहुधा हे वाक्य वाचून विसरतो. प्रौढ वाचकाला तिथे शाळा आणि गुरू यांतला फरक दिसतो.

खऱ्या नावाची ही कल्पना मराठी घरांना अगदीच परकी नाही. पत्रिकेतलं नावरस नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं, हे आपण पाहिलेलं असतं. ल ग्विन यांच्या घरात मात्र या विषयाला एक खरीखुरी आणि दुःखद पार्श्वभूमी होती. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे अमेरिकेतले नामवंत मानववंशशास्त्रज्ञ. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी ‘याही’ नावाच्या जमातीचा एक माणूस एकटाच जंगलातून बाहेर आला. त्याचे सगळे लोक मारले गेले किंवा मरून गेले होते. आपलं नाव आपण सांगायचं नाही, अशी त्याच्या समाजाची रीत. आणि त्याची ओळख करून देणारं दुसरं कुणी उरलेलं नव्हतं. मग क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हणायला सुरुवात केली. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ फक्त माणूस. १९१६ साली क्षयाने इशी गेला, खरं नाव कुणालाही न सांगता. अर्सुलाबाईंचा जन्म १९२९चा, त्यांनी त्याला पाहिलं नव्हतं. पण त्यांच्या आईने, थिओडोरा क्रोबर यांनी, इशीचं चरित्र लिहिलं आणि ते १९६१ साली प्रसिद्ध होऊन खूप गाजलं. अर्थसीची पहिली कथा त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६४ मध्ये छापून आली. एकातून दुसरं निघालं असा दावा करायचं कारण नाही. मात्र इशीची हकिगत वाचून झाल्यावर नाव ही गोष्ट या कादंबरीत नुसती मंत्राची किल्ली राहत नाही.

वाचकाचं वय बदललं की तो पुस्तकात थांबतो त्या जागा बदलतात. पेंडोर बेटावरच्या ड्रॅगनाचा प्रसंग मुलांच्या हमखास आवडीचा. गेड त्या म्हाताऱ्या, धूर्त येव्हॉडचं नाव ओळखतो आणि त्याला वेसण घालतो. सावलीचं नाव सांगतो, असं आमिष ड्रॅगन दाखवतो. गेड ते नाकारून बेटांवरच्या कोळ्यांना अभय मागून घेतो. सुंदरच आहे ते. पण मूल वाढवलेला वाचक त्याच्या आधीच्या चार-पाच पानांवर अडकतो. तिथे पेचव्हरी नावाचा होड्या बांधणारा गेडचा मित्र आहे आणि त्याचं तापाने फणफणलेलं लहान पोर आहे. जाणाऱ्याला जाऊ द्यावं, ही वैद्यकीचा पहिला धडा म्हणून शिकलेली गोष्ट गेडला माहीत असते. तरी तो मित्राच्या पोरामागे मृत्यूच्या उतारावरून धावत जातो. पोर पुढे पळतंय, उतार अंधारा, आकाशात कधीच न मावळणारे अनोळखी तारे. हाती काही लागत नाही. परत वर चढून येतो तर दगडांच्या बुटक्या भिंतीपलीकडे, जिवंतांच्या बाजूला, सावली त्याची वाट पाहत उभी.

त्यातून तो देहात परततो, पण मेल्यासारखा पडून राहतो. शाळेतल्या जाणत्यांना जे सुचलं नसतं ते त्याच्या खिशात राहणारा ऑटॅक नावाचा खारीएवढा पाळीव प्राणी करतो. तो त्याला चाटत बसतो, जसा आजारी सोबत्याला चाटला असता. त्या स्पर्शाने गेड शुद्धीवर येतो. हा ऑटॅक पुढे ऑस्किलमध्ये मरतो, आणि ल ग्विन त्याच्यावर फार शब्द खर्च करत नाहीत. लहानपणी हे पुस्तक वाचलेल्यांना विचारलं तर जादूगारांची नावं विसरलेली असतात, ऑटॅक आठवत असतो.

शाळेच्या दाराची गोष्टही अशीच वयाने उलगडणारी. रोकच्या शाळेत शिरताना गेड उंबरठा ओलांडतो आणि तरी बाहेरच राहतो. दोनदा-तीनदा तेच. शेवटी तो द्वारपालाला म्हणतो की तुमच्या मदतीशिवाय मला आत येता येणार नाही. द्वारपाल नाव सांगायला सांगतो, आणि वाट मोकळी होते. बरीच वर्षं शिकून बाहेर पडताना शेवटची परीक्षा उलटी असते, आता द्वारपालाचं नाव शोधून काढायचं. नऊ आचार्यांपैकी एकाचं नाव युक्तीने वा बळाने काढून घेण्याची आपली ऐपत नाही, हे ओळखून गेड त्याला सरळ विचारतो. द्वारपाल सांगून टाकतो. चौदाव्या वर्षी या पानावर वाचकाची निराशा होते. केवढी मोठी लढत अपेक्षित असते! नोकरीधंद्यात दहा-पंधरा वर्षं काढलेल्याला हा प्रसंग कादंबरीतला सर्वांत शहाणा वाटण्याची शक्यता आहे.

आता खटकणाऱ्या गोष्टी. त्या दोन आहेत, आणि त्यातली एक वाचकांची आहे, दुसरी लेखिकेची.

वाचकांची चूक रंगाबाबतची. गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, त्याचा जिवलग मित्र व्हेच काळा आहे, द्वीपसमूहातली बहुतेक माणसं सावळी-काळी आहेत. पहिल्या प्रकरणात गावावर चालून येणारे, जाळपोळ करणारे कार्ग लोक तेवढे गोरे आणि पिवळ्या केसांचे. ल ग्विन यांनी हे ठरवून केलं होतं आणि ठरवूनच त्याचा गाजावाजा केला नव्हता. नायकाचा वर्ण ओझरता येतो, तोही वाचक त्याच्यात पुरता गुंतल्यावर. १९६८ म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली ते वर्ष; त्या वर्षी अमेरिकेत मुलांच्या फॅन्टसीचा नायक असा असणं साधी गोष्ट नव्हती. तरी पुढे कित्येक आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर गेड गोरा झाला. २००४ साली अमेरिकेतल्या साय-फाय वाहिनीने मालिका केली तेव्हाही गेडच्या भूमिकेत गोरा नट होता. ल ग्विन यांनी त्यावर जाहीर लेख लिहून मालिकेला झोडपून काढलं. भारतीय वाचकांनी याबाबत फार ऐटीत राहू नये. इंग्रजी पुस्तकातला नायक गोराच असणार हे आपणही धरून चालतो, आणि ते वाक्य डोळ्यांखालून गेलेलं असूनही दिसत नाही. ते दुसऱ्या वाचनात दिसतं.

दुसरी गोष्ट बायकांची. गॉन्ट बेटावर बायकांच्या जादूला दुबळी आणि दुष्ट ठरवणाऱ्या म्हणी आहेत, आणि लेखिका त्या काहीही न बोलता नोंदवते. रोकच्या शाळेत एकही मुलगी नाही. गेडला पहिले मंत्र शिकवणारी मावशी अडाणी आणि अर्धवट विद्येची. ऑस्किलमध्ये गेडला भेटणारी सेरेट सुंदर आणि दगाबाज. व्हेचची बहीण यारो गोड आहे, पण ती घरात चुलीपाशी. सावलीची पहिली झलक रोकच्याही आधी, गॉन्टवर दिसते, तीही एका मुलीने डिवचल्यामुळे. एका बाईने लिहिलेल्या पुस्तकात हे सगळं आहे आणि ते आज वाचताना टोचतं. इथे काळाचा दाखला देऊन पुस्तकाची बाजू घेता येईल. स्वतः लेखिकेने मात्र ती पळवाट घेतली नाही.

पहिल्या पुस्तकानंतर १९७१ मध्ये ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’ आलं. त्यात टेनार नावाच्या मुलीचं नाव लहानपणीच काढून घेऊन तिला अंधाऱ्या देवळाची पुजारीण केलेलं असतं आणि गेड तिला तिचं नाव परत देतो. १९७२ मध्ये ‘द फार्देस्ट शोअर’ आलं, त्याला पुढच्या वर्षी बालसाहित्याचं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. तीन पुस्तकांत वर्तुळ पुरं झालं असं सगळ्यांना वाटलं. मग अठरा वर्षं काही नाही. आणि १९९० मध्ये ‘तेहानू’.

‘तेहानू’ने जुन्या चाहत्यांपैकी अनेकांचा भ्रमनिरास केला. तिसरं पुस्तक जिथे संपतं तिथेच ते सुरू होतं. लेखिकेची अठरा वर्षं गेली, पण गोष्टीत अठरा दिवसही गेलेले नाहीत. मात्र कॅमेरा आता गॉन्टवरच्या शेतघरात आहे. टेनार मध्यमवयीन विधवा झाली आहे. ओगियनकडे विद्या शिकायची संधी असताना तिने एका शेतकऱ्याशी लग्न केलं, दोन मुलं वाढवली. आता ती एका भाजून काढलेल्या, टाकून दिलेल्या पोरीला सांभाळते. ड्रॅगनाच्या पाठीवर बसून गेड येतो तो रिकामा होऊन. त्याची सगळी विद्या संपलेली आहे. राजाचे दूत शोधत आले की हा थोर जादूगार लाजेने लपतो आणि पुढे डोंगरावर जाऊन चक्क शेळ्या राखतो. पहिल्या प्रकरणातल्या शेळ्या ज्याला आठवतात त्याला इथे गलबलून येईल. घरात जेवणानंतरची आवराआवर कुणी करायची यावरून खटके उडतात. पुरुष बाईला कशाने घाबरवतात, बाई दाराला कडी का लावते, यावर पानंच्या पानं आहेत. ही फॅन्टसी आहे का, असा सूर तेव्हा निघाला. पुस्तकाला नेब्युला पुरस्कारही मिळाला.

ऑक्सफर्डमध्ये १९९२ साली दिलेल्या व्याख्यानात ल ग्विन यांनी आपल्या जुन्या पुस्तकांचा स्वच्छ हिशेब मांडला. वीरकथा ही पुरुषांची परंपरा होती, आपण तिच्या चौकटीत लिहिलं, आणि आता त्याच जगाकडे खालून, घरातून पाहतो आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं. महत्त्वाचं हे की त्यांनी पहिल्या पुस्तकातली त्या म्हणींची वाक्यं पुसली नाहीत. नव्या आवृत्तीत मुलींना गुपचूप शाळेत घातलं नाही. लिहिलेलं तसंच राहू दिलं आणि त्याच्या शेजारी दुसरं पुस्तक ठेवलं. जुनी बालपुस्तकं आजच्या चवीला सोसतील अशी घासूनपुसून छापायची की तशीच ठेवायची, यावर सध्या जगभर वाद चालतो. त्यात हा तिसरा मार्ग फार कमी लोकांच्या ध्यानात येतो. अर्थात तो चोखाळायला लेखक जिवंत हवा आणि त्याच्याकडे तेवढा प्रामाणिकपणा हवा.

‘तेहानू’च्या मुखपृष्ठावर अर्थसीचं शेवटचं पुस्तक असं छापलं होतं. ते काही खरं ठरलं नाही. २००१ मध्ये एक कथासंग्रह आणि ‘द अदर विंड’ ही कादंबरी अशी दोन पुस्तकं आली. संग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनी त्या ‘शेवटच्या’ शब्दावरून स्वतःचीच थट्टा केली आहे. याच संग्रहातल्या ‘द फाइंडर’ या दीर्घकथेत कळतं की रोकची शाळा मुळात बायका आणि पुरुषांनी मिळून, जुलमी राजवटीच्या काळात लपूनछपून उभारली होती. बायकांना नंतर बाहेर काढलं गेलं. ‘द अदर विंड’मध्ये ती दगडांची बुटकी भिंतच पाडली जाते. कोरड्या, ताऱ्यांखालच्या त्या मृतांच्या प्रदेशाला आपण निसर्गनियम समजत होतो. तो निघतो पुरातन जादूगारांच्या अमरत्वाच्या हव्यासातून झालेला अपराध.

हे वाचून पहिल्या पुस्तकाकडे परत आलं की छपाईतलं अक्षरही बदललेलं नसताना पानं वेगळी दिसतात. गेड शाळेच्या दारातून आत शिरतो तेव्हा वाचकाला माहीत असतं की हे दार बांधणाऱ्या बायकांची नावं आतल्या कुणालाच सांगता येणार नाहीत. पेचव्हरीचं पोर त्या उतारावरून पळत जातं तेव्हा ते मरण एकट्या तापाचं राहत नाही. ते पोर जिथे चाललंय ती जागाच मुळात चुकीची आहे. १९६८ मध्ये लेखिकेला यातलं काही ठाऊक नव्हतं. तरी जोड कुठे उसवलेला दिसत नाही, याचं श्रेय पहिल्या पुस्तकात तिने जे सांगायचं टाळलं त्यालाही आहे.

क्रिस्टेल रसेल आणि सिडनी लेव्ही या अभ्यासकांनी २०१२ साली लोक एखादं पुस्तक, सिनेमा किंवा ठिकाण मुद्दाम पुन्हा का अनुभवतात यावर मुलाखती घेऊन एक निबंध प्रसिद्ध केला. निव्वळ जुन्या आठवणींत रमायला लोक परत जातात हा समज त्यात टिकला नाही. मधल्या काळात आपण किती बदललो, याचं माप लोक त्या ओळखीच्या वस्तूवर घेतात, असं त्यांना आढळलं. बहुतेक पुस्तकं त्या मापासाठी स्थिर उभी राहतात. ‘अर्थसी’ वाचणाऱ्याच्या सोबत लेखिकाही वयाने वाढत गेलेली असते, आणि दोघांची मापं जुळत नाहीत तेव्हा वाद घालायलाही मजा येते. ‘तेहानू’ फार बोलतं, उपदेशाकडे झुकतं, असं आजही म्हणता येईल. पहिल्या पुस्तकातला संयम त्यात नाही.

पडद्यावर मात्र या पुस्तकांचं नशीब उघडलं नाही. जपानच्या स्टुडिओ जिब्लीने २००६ साली गोरो मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रपट केला. त्यात निरनिराळ्या भागांची सरमिसळ झाली आणि ल ग्विन यांनी आपली नाराजी लपवली नाही. ज्या गोष्टीत सगळी ताकद शब्दाची आणि मौनाची, ती तलवारबाजीने भरून दाखवणं अवघडच आहे.

ल ग्विन २२ जानेवारी २०१८ रोजी, वयाच्या ८८व्या वर्षी पोर्टलंडमध्ये वारल्या. पहिल्या पुस्तकाला पन्नास वर्षं झाल्याच्या निमित्ताने त्याच वर्षी सगळं ‘अर्थसी’ एका जाडजूड खंडात आलं. त्यातली चित्रं चार्ल्स व्हेस यांनी लेखिकेशी वर्षानुवर्षं चर्चा करून काढली आहेत. घरात ठेवायला तो खंड उत्तम, पण पहिल्या वाचनाला घेऊ नये. त्याच्या वजनानेच मूल दचकेल. बारा-तेरा वर्षांच्या वाचकाच्या हाती सुटं पहिलं पुस्तक द्यावं. दहा प्रकरणं, जेमतेम दोनशे पानं, एका सुट्टीत आरामात होतं. दुसरं आणि तिसरं त्याने मागितलं तर लगेच द्यावं. ‘तेहानू’ मात्र त्याच सुट्टीत देऊ नका. त्याला कमावता होऊ द्या, घर चालवू द्या, मग द्या, आणि त्याआधी पहिलं पुस्तक परत वाचून घ्यायला सांगा.